निराशेचे वय

स्त्रीची पाळी कायमची थांबते त्या वयास अरबी भाषेत ‘सिन्न-अल-यास’, म्हणजे निराशेचे वय, असे नाव आहे. नाव निष्ठुर खरे. परंतु त्याचा उगम विलापात नसून हिशेबात आहे. कुराणाच्या ६५ व्या सुरेत घटस्फोटानंतरच्या इद्दतीचा नियम सांगताना, ज्यांना विटाळाची आशा उरली नाही अशा स्त्रियांस ३ महिन्यांची मुदत घातली आहे. सुटलेली आशा पाळीची; आयुष्याची नव्हे.

मात्र हे वय कोणते, यावर धर्मशास्त्र्यांत मोठा वाद झाला, आणि त्याचे दोन्ही पक्ष मराठवाड्यात एका छताखाली नांदले. निजामाच्या चाकरीस हद्रमौतचे अरब शिपाई आले. औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांचे वंशज ‘चाऊस’ म्हणून ओळखले जातात. आलेले बहुतेक पुरुषच; त्यांनी लग्ने इकडील मुसलमान घराण्यांत केली. हद्रमौतचे अरब शाफई पंथाचे, तर दख्खनी मुसलमान बहुतांशी हनफी. हनफींचे रूढ मत ५५ वर्षांचे, शाफईंचे प्रसिद्ध मत ६२ वर्षांचे.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हता. चाळिशीत अकारण पाळी थांबलेल्या स्त्रीस तलाक मिळाला, तर कडक मताप्रमाणे तिने पुनर्विवाहासाठी ते वय येईपर्यंत थांबावयाचे: माहेरच्या शास्त्राने १५ वर्षे, सासरच्या शास्त्राने २२! इमाम मालिकांनी हीच मुदत एका वर्षावर आणली होती. अडचणीच्या प्रसंगी पुढील हनफी शास्त्र्यांनी तिचाच आधार घेतला.

या वयाची दुसरी बाजूही आहे. कुराणाच्या २४ व्या सुरेत विवाहाची अपेक्षा न उरलेल्या वृद्ध स्त्रियांस, शृंगाराचे प्रदर्शन न करता, वरचे वस्त्र उतरून ठेवण्याची मोकळीक दिली आहे. शिवाय पाळीच्या दिवसांत नमाज माफ असतो, पण सुटलेले रोजे मागाहून भरून द्यावे लागतात. ते ओझे आता उतरते आणि रमजानचा सबंध महिना अखंड पाळता येतो.

शेजारच्या सोवळ्याच्या मराठी घरांतही याच सुमारास असेच काही घडे. सुश्रुताने पाळी थांबण्याचे वय पन्नास सांगितले आहे. ते उलटले की बाहेर बसणे संपे. देवघर, स्वयंपाक आणि लोणच्याची बरणी महिन्याचे तीसही दिवस तिच्या हाती राही.