नगरपंचायत, नगर परिषद, महापालिका: उजव्या पक्षांच्या वाढत्या जागा कशा वाचाव्यात?

जालना महापालिकेचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, आता आमच्या गल्लीत पाणी येणार का?" आदल्या रात्री घरी मोठ्यांचं जे बोलणं झालं, ते तिने ऐकलं असणार. बदनापूरच्या नळाचा जालना महापालिकेशी काही संबंध नाही, आपलं पाणी आपली नगरपंचायत पाहते, एवढं आम्ही तिला सांगितलं. पण हा फरक घरातल्या मोठ्यांनाही नीट ठाऊक नसतो, हे आम्हाला अनेकदा जाणवलंय. म्हणून ही माहिती एका ठिकाणी मांडत आहोत.

निकाल काय लागले?

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या 246 नगर परिषदा आणि 42 नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. भाजप सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि त्याचे शंभराहून अधिक नगराध्यक्ष निवडून आले. 15 जानेवारी 2026 रोजी 29 महापालिकांसाठी मतदान झालं. जालना महापालिकेची ही पहिलीच निवडणूक. तिथे 65 पैकी 41 जागा भाजपला मिळाल्या. छत्रपती संभाजीनगरात 115 पैकी भाजपला 57 आणि एमआयएमला 33 जागा मिळाल्या, तर काँग्रेसला अवघी एक. दोन्ही टोकं वाढली आणि मधले पक्ष आक्रसले.

'कडवे उजवे' कुणाला म्हणतात?

एखाद्या धर्माची किंवा वंशाची माणसं हेच खरं राष्ट्र आणि बाकीचे पाहुणे, अशी मांडणी करणाऱ्या पक्षांना जगभर हा शब्द वापरतात. काही अभ्यासक आपल्याकडच्या हिंदुत्ववादी पक्षांनाही याच खान्यात बसवतात. त्या पक्षांना ते मान्य नाही. आम्ही नावाच्या वादात पडत नाही. आपल्या मोहल्ल्याला प्रश्न कामाचा आहे: असे पक्ष स्थानिक निवडणुकीत वाढतात कसे, आणि वाढल्यावर आपण करायचं काय?

मराठवाड्यात सुरुवात कुठून झाली?

1981 पर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, त्यामुळे ही गोष्ट आपलीही आहे. औरंगाबादची महापालिका 1982 ला झाली, पण पहिली निवडणूक झाली 1988 ला. तोवर मुंबई-ठाण्याचा पक्ष समजल्या जाणाऱ्या शिवसेनेने 60 पैकी 27 जागा जिंकल्या. मे महिन्यात बाळासाहेब ठाकरे यांनी शहराला संभाजीनगर म्हटलं. त्याच महिन्यात दंगल झाली.

या निकालात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, 27 म्हणजे बहुमत नव्हे; पहिले महापौर काँग्रेसचे शांताराम काळे झाले. दुसरी, महापालिका ही शिडी ठरली. तेव्हाचे नगरसेवक चंद्रकांत खैरे 1990 ला आमदार झाले आणि 1999 ला खासदार. गल्लीतली निवडणूक छोटी समजून सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जागा वाढतात कशा?

नगरपंचायतीत 17 प्रभाग असतात आणि प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडला जातो. वर्गात शिकवतो तसं एक उदाहरण घेऊ. प्रभागात 900 मतदार आहेत, 600 जणांनी मत दिलं. चार उमेदवारांना 230, 190, 120 आणि 60 मतं पडली. 230 वाला जिंकला. त्याच्या विरोधात 370 मतं गेली, आणि 300 माणसं घरी बसली. म्हणजे जिंकलेल्याला मिळालेल्या मतांपेक्षा घरी बसलेले जास्त! एकाच बिरादरीचे तीन भाऊबंद उभे राहिले की हेच होतं.

पण दोष नेहमी मतविभागणीचाच नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो उमेदवार पाच वर्षं दारोदार फिरलेला असतो. आपले उमेदवार पुष्कळदा अर्ज भरायच्या आठवड्यात दिसतात.

मतदानाने काय फरक पडतो, त्याचं उदाहरण लंडनचं आहे. टॉवर हॅम्लेट्स या भागात बांगलादेशी मुस्लिम मोठ्या संख्येने राहतात. सप्टेंबर 1993 मध्ये तिथल्या मिलवॉल प्रभागात ब्रिटिश नॅशनल पार्टीचा डेरेक बीकन अवघ्या 7 मतांनी जिंकला. या पक्षाचा तो पहिलाच नगरसेवक. मे 1994 मध्ये पुन्हा निवडणूक झाली. बीकनची मतं वाढली, तरीही तो हरला, कारण आधी घरी बसलेले लोक या वेळी मतदानाला बाहेर पडले होते.

नगरपंचायतीच्या हातात काय असतं?

74 व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांसाठी 18 विषय सांगितले आहेत. त्यांत पाणी, रस्ते, दिवाबत्ती, स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा, कत्तलखान्यांचं नियमन येतं आणि कब्रस्तान-स्मशानही येतं. म्हणजे कब्रस्तानच्या भिंतीचा, रस्त्याचा ठराव तिथेच होतो. आपला एकही माणूस त्या सभेत नसेल, तर विषय पुढे सरकवणार कोण?

नागरिकत्व, निकाह-तलाकचे कायदे, पोलीस हे मात्र नगरपंचायतीच्या हातात नाही. व्हॉट्सअॅपवर यायच्या निम्म्या धमक्या इथेच गळून पडतात.

मग आपण काय करावं?

1. मतदार यादी आधी तपासा. स्थानिक निवडणुकीत विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव बहुतेक घरांत राहूनच जातं. प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीला मुदत थोडीच असते.

2. 2022 च्या दुरुस्तीनंतर नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. एका प्रभागात आपली मतं पुरेशी असतील. नगराध्यक्षासाठी सगळ्या गावाशी बोलावं लागतं. फक्त धर्मावर मत मागितलं की समोरचाही तेच करतो, आणि संख्येच्या त्या खेळात तोटा आपलाच.

3. निवडून आलेला नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, तो प्रभागाचा आहे. काम लेखी मागा, अर्जाची पोच घ्या.

4. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. बेकायदा ठराव झाला तर 1965 च्या नगर परिषद अधिनियमानुसार जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. तक्रार मात्र कुणीतरी करायला हवी.

5. मशिदीत किंवा चौकात चिडून बोलण्याआधी आकडे पाहा. किती मतदार, किती मतदान, किती फरकाने हार. तीन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेच कामाला येतात.

आता त्या मुलीचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. त्यांच्या गल्लीत पाणी पूर्वीपासूनच चार-पाच दिवसांआड येतं, आणि याबद्दल एकही लेखी अर्ज आजवर गेलेला नाही. आम्ही तिथेच बसून मराठीत अर्ज लिहिला आणि खाली गल्लीतल्या लोकांच्या सह्यांसाठी जागा सोडली. पहिली सही वडिलांनी केली. दुसरी शेजारच्या हिंदू कुटुंबाची घ्या, असं आम्ही सांगितलं, कारण नळ त्यांचाही कोरडाच आहे.