नदीकडे पाठ, नदीकडे तोंड

नांदेडच्या मुलांना आपल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला, तर ती सुरुवात कोठून करतील? बहुधा रेल्वे स्टेशन, बसस्थानक, वजिराबाद अशा ठिकाणांपासून. गोदावरी येईल ती शेवटी, कागदाच्या खालच्या कडेला, एका निळ्या रेघेत. दोनशे वर्षांपूर्वी हाच नकाशा नदीपासून सुरू झाला असता. हा बदल कसा घडला आणि तो उलटवता येतो का, हे आपण पाहू.

जुने नांदेड गोदावरीच्या उत्तर तीरावर वसले. पिण्याचे पाणी, धुणे, स्नान, तेराव्यापर्यंतचे विधी, सगळे घाटावर. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान १७०८ साली येथेच झाले. पुढे १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी सचखंड गुरुद्वाराची वास्तू उभारली. नगीना घाट आणि बंदा घाट ही नावे आजही गाव आणि नदी यांचे जुने नाते सांगतात.

मग १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड रेल्वे आली. तिचे स्टेशन जुन्या वस्तीच्या उत्तरेला झाले, म्हणजे नदीच्या विरुद्ध बाजूला. कापूस आणि धान्य रेल्वेने जाऊ लागले. बाजार तिकडे सरकला. पुढे नळ आले आणि घागर घेऊन घाटावर जाण्याचे कारण उरले नाही. नदी गावाचा पुढचा दरवाजा होती, ती परसदार झाली. परसदारी आपण काय टाकतो, हे सांगायला नको. शहराची तहान वरच्या अंगाच्या विष्णुपुरी जलाशयावर भागते आणि शहरातले नाले खाली नदीला मिळतात. पाणी वरून घ्यायचे आणि सांडपाणी खाली सोडायचे, असा हा व्यवहार आहे.

नदीकडे पाठ फिरवणारे नांदेड एकटे नाही. विसाव्या शतकात मोटारी वाढल्या, तेव्हा जगभरच्या नगररचनाकारांना रस्त्यासाठी एक सोयीची जागा सापडली: नदीकाठ. येथे घरे पाडावी लागत नाहीत, जमीन सपाट असते, चौक कमी लागतात आणि मालकी बहुधा सरकारची. पॅरिसमध्ये सीन नदीच्या उजव्या तीरावर १९६७ साली द्रुतगती रस्ता झाला. दक्षिण कोरियातील सोल शहराने त्याही पुढे जाऊन चंगेचन हा ओढाच १९५८ पासून काँक्रीटने झाकत नेला आणि त्यावर उड्डाणमार्ग उभारला. पुण्यात मुठेच्या पात्रातच रस्ता झाला. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू झाला की तो रस्ता बंद करावा लागतो आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. आपण नदीचे पात्र घेतले तरी नदी त्यावरचा हक्क सोडत नाही, हे पुणेकर जवळजवळ दर पावसाळ्यात पाहतात.

एका पिढीनंतर पश्चात्ताप सुरू झाला. अमेरिकेतील पोर्टलंड शहराने १९७४ साली नदीकाठचा महामार्ग चक्क बंद केला आणि तेथे बाग केली. सोलने २००३ साली उड्डाणमार्ग पाडायला घेतला आणि २००५ साली सुमारे पावणेसहा किलोमीटरचा ओढा लोकांसाठी खुला केला. वाहतूक कोलमडेल ही भीती खरी ठरली नाही, कारण दरम्यान २००४ साली शहराने आपल्या बससेवेची नव्याने घडी बसवली होती. मात्र दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. त्या ओढ्यात वाहणारे बरेचसे पाणी हान नदीतून पंपाने आणलेले आहे. आणि काठावरच्या अनेक छोट्या विक्रेत्यांना तेथून उठावे लागले.

बॉस्टन आणि माद्रिद यांनी तिसरा मार्ग धरला. रस्ता ठेवायचा, पण जमिनीखाली. बॉस्टनचे काम १९९१ ते २००७ चालले आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट, सुमारे १५ अब्ज डॉलरवर गेला. २००६ साली बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे तुकडे मोटारीवर पडून एका महिलेचा मृत्यूही झाला. माद्रिदने मांझानारेस नदीकाठचा वर्तुळमार्ग २००७ पर्यंत भूमिगत केला आणि २०११ पर्यंत वर लांबच लांब उद्यान फुलवले. उद्यान देखणे आहे, पण महापालिकेच्या डोक्यावर कर्जाचा मोठा बोजाही चढला.

नदीकाठी बोगदा इतका महाग का पडतो? उत्तर आर्किमिडीजकडे आहे. नदीकाठची जमीन पाण्याने भरलेली असते आणि रिकामा बोगदा हा त्या पाण्यात बुडवलेला डबाच. १० मीटर रुंद आणि ७ मीटर उंच बोगदा घेतला, तर त्याची दर मीटर लांबी ७० घनमीटर पाणी बाजूला सारते. म्हणजे पाणी त्याला ७० टनांच्या जोराने वर ढकलते. भिंती, तळ आणि छत एकेक मीटर जाड केले, तर काँक्रीट ३० घनमीटर लागते. त्याचे वजन सुमारे ७२ टन. म्हणजे तराजू जेमतेम आपल्या बाजूला झुकतो! म्हणून वर मातीचा भार द्यावा लागतो किंवा बोगदा खाली खडकाला जखडावा लागतो. शिवाय दोन्ही तोंडे पुराच्या पातळीच्या वर हवीत, झिरपणारे पाणी उपसणारे पंप हवेत आणि हवा खेळती ठेवणारे पंखे. हा खर्च बांधकामाबरोबर संपत नाही, तो कायमचा असतो.

वर्गात हे सहज दाखवता येते. बादलीत वाळू भरून तिच्यात झाकण घट्ट लावलेली रिकामी प्लॅस्टिकची बाटली उथळ पुरा आणि हळूहळू पाणी ओता. बाटली वाळू सारून वर येईल. मग तीच बाटली वाळूने भरून प्रयोग पुन्हा करा.

आता नांदेडकडे परत येऊ. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने आणि २००५ साली सुरू झालेल्या नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या पैशातून शहरात रस्ते, पूल आणि घाट यांची मोठी कामे झाली. गाव पुन्हा नदीकडे वळू लागले, ही चांगली गोष्ट. पण नुसता दगडी घाट बांधून नाते जुळत नाही. पायरी उतरल्यावर पाण्याला वास येत असेल, तर माणूस परत वर चढतो. दुसरी गोष्ट पुराची. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की सखल वस्त्यांत पाणी शिरते. २००६ चा पूर अनेकांना आठवत असेल.

म्हणूनच पुढे कधी काठावरून मोठा रस्ता न्यायची सूचना आली, तर आधी पूररेषा पाहायला हवी. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचतो ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणारा जेथवर पोचतो ती लाल. पुण्यात विठ्ठलवाडीजवळ पात्रात रस्ता होऊ लागला, तेव्हा नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. २०१३ साली न्यायाधिकरणाने रस्ता निळ्या रेषेबाहेर न्या किंवा खांबांवर उचला, असे सांगितले. म्हणजे भराव घालून झाल्यावर भांडण आणि भांडणानंतर पुन्हा खर्च.

लातूरच्या शिक्षकांना वाटेल, आमच्या शहरातून मांजरा वाहत नाही, आम्हाला याचे काय? पण लातुरात ‘जुनी रेल्वे लाईन’ आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली येथे आली. २००८ पर्यंत मार्ग रुंदमापी झाला, नवे स्टेशन दूर गेले, जुने रूळ गेले आणि पत्त्यात नाव तेवढे राहिले. शहराच्या मधोमध एक पट्टी मोकळी झाली की ती कोणासाठी वापरायची, हा प्रश्न लातूरलाही पडलेला आहे. अडथळा हटवणे वेगळे आणि दोन्हीकडची माणसे जोडणे वेगळे.

माद्रिद आणि बॉस्टन यांनी आधी चूक केली आणि मग ती पुरण्यासाठी पैसे मोजले. आपल्याला निदान पहिली पायरी टाळता येईल. काठ मोकळा ठेवणे हा सर्वांत स्वस्त बोगदा आहे! पैसा उरलाच, तर तो आधी नाल्यांच्या तोंडाशी खर्च व्हावा.

पावसाळ्याआधी मुलांना घेऊन एकदा घाटावर जा. शाळेपासून नदीपर्यंत किती रस्ते ओलांडावे लागले, किती नाले दिसले आणि जुन्या पुराची खूण एखाद्या भिंतीवर सापडते का, हे त्यांना वहीत लिहायला सांगा. परतल्यावर पुन्हा नकाशा काढू द्या. कोणी सांगण्याआधीच गोदावरी कागदाच्या कडेवरून मध्यावर सरकली, तर ती सहल सार्थकी लागली म्हणायचे.