निधी की निक्षेप? मेहकरच्या बालाजीची शोधकथा

मराठेशाहीतील इनामपत्रे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना त्यांतील एक ठरीव शब्दावली परिचयाची असते. गाव इनाम देताना तो जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी व निक्षेप यांसहित दिला, असे त्यांत म्हटलेले असते. ही शब्दावली मराठ्यांनी नव्याने घडविलेली नव्हे. तिची मुळे त्यापूर्वीच्या ताम्रपटांत व शिलालेखांत आहेत. दीर्घकाळच्या वापराने हे शब्द इतके गुळगुळीत झाले की, लिहिणारा कारकून ते मंत्रासारखे लिहीत गेला आणि वाचणारा ते ओलांडून पुढे जात राहिला. तथापि त्यांतील शेवटचे दोन शब्द समानार्थी नव्हेत. निधी म्हणजे ज्याचा धनी विस्मृतीत गेला आहे असे पुरलेले धन. निक्षेप म्हणजे धन्याने विश्वासाने कोणापाशी सोपविलेली ठेव. पहिल्यात मालकी उरलेली नसते, दुसऱ्यात ती केवळ दृष्टिआड झालेली असते. बुलढाणा जिल्ह्यातील एका प्रकरणात हा भेद अचानक जिवंत झाला, आणि तोही काहीशा विनोदी रीतीने.

चिखलीपासून मेहकर व लोणारपर्यंतचा प्रदेश हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाषाणमंदिरांचा आहे. चिखली तालुक्यातील सातगाव भुसारी व साकेगाव येथील जुनी मंदिरे, लोणारचे दैत्यसूदन ही त्यांतील काही ठळक उदाहरणे होत. जेथे भग्न मंदिर तेथे गुप्तधनाची कथा, हा वऱ्हाडाचाच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्राचा अनुभव आहे. धनावर नाग बसलेला असतो, पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले म्हणजे त्याला भूमीखालचा हंडा दिसतो, अशा समजुती या कथांत ठरलेल्या असतात. या समजुतींवर हसणे सोपे आहे. परंतु त्यांच्या भरीस पडून झालेली कृत्ये हसण्याजोगी नाहीत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला, यावरून ही गोष्ट ध्यानी यावी. शिवाय अशा शोधात फरशी उखडली जाते, पीठ हलविले जाते, मूर्ती फुटते. सोन्याचा हंडा मिळत नाही आणि डोळ्यांसमोर असलेले शिल्प मात्र जाते. इनामपत्रातील ‘पाषाण’ आणि ‘निधी’ हे दोन शब्द खोदणाऱ्याच्या मनात एकमेकांपासून फार दूर असतात, हेच याचे कारण होय.

मेहकर येथे १८८८ मध्ये हे दोन्ही शब्द एकाच वस्तूच्या ठिकाणी एकत्र आले. त्या वर्षी खोदकामात भूमीतून विष्णूची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती निघाली. सुमारे अकरा फूट उंचीची ही मूर्ती आज शारंगधर बालाजी या नावाने पूजिली जाते. आक्रमणाच्या भयाने भक्तांनी ती पूर्वी कधी तरी पेटीत घालून पुरली, असे स्थानिक परंपरा मानते. परंपरेचा पुढील भाग एखाद्या रहस्यकथेत शोभावा असा आहे. सोबत निघालेला ऐवज साहेबांच्या हाती गेला. मूर्तीही विलायतेच्या संग्रहालयात पाठविण्याचे घाटू लागले. तेव्हा गावकऱ्यांनी हुकूम येऊन पोहोचण्यापूर्वीच घाईने तिची प्रतिष्ठापना उरकून घेतली. सरकारी कागद गावात आला तेव्हा पाठविण्याजोगी ‘वस्तू’ उरलीच नव्हती, देव बसलेला होता!

या कथेतील प्रत्येक तपशील कागदोपत्री तोलता येईल असा नाही. पण तिची रचना फार अर्थपूर्ण आहे. नेहमीच्या शोधकथेत चोर, राखणदार आणि शोधक यांची कामे निश्चित असतात. येथे ती सारी उलटीपालटी झाली आहेत. ज्याने लपविले तो राखणदार. जो नेऊ पाहतो तोही स्वतःला जतन करणाराच समजतो. आणि ज्यांनी घाईघाईने, सरकारच्या नजरेआड काम उरकले, ते गावकरी कथेचे नायक ठरतात. त्यात त्या काळच्या वऱ्हाडाची स्थितीही चमत्कारिक होती. १८५३ च्या तहाने तो मुलूख निजामाच्या सार्वभौमत्वाखाली राहूनही इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता. भूमी एकाची, कारभार दुसऱ्याचा आणि देव तिसऱ्यांचा, असा हा मामला होता.

गावकऱ्यांच्या घाईचे मर्म समजण्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७८ च्या निखात निधी अधिनियमाकडे पाहिले पाहिजे. त्या कायद्याप्रमाणे भूमीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. तिचे मोल दहा रुपयांहून अधिक असल्यास सापडणाऱ्याने कलेक्टरास लेखी कळवावे. हे कर्तव्य नवे नव्हते. याज्ञवल्क्यस्मृतीनेही न कळविता निधी दडविणाऱ्यास दंड सांगितला आहे. नवी होती ती दोन कलमे. वस्तू शंभर वर्षांच्या आत पुरलेली असेल तरच ती पुरणाऱ्याच्या हक्काचा विचार व्हावयाचा. आणि सरकारला ती हवी असल्यास वापरलेल्या द्रव्याची किंमत व तिचा एकपंचमांश इतकी रक्कम देऊन घेता यावयाची. अकरा फुटी विष्णूला हे गणित लावून पाहावे. काळ्या दगडाचा बाजारभाव, अधिक त्याचा पाचवा हिस्सा! शंभर वर्षांच्या मर्यादेने तर प्रत्येक जुना निक्षेप निधी होऊन बसतो, कारण ठेवणारा मेला की ठेवही संपली, असे या कायद्याने धरून चालले आहे. मेहकरकरांनी हेच नाकारले. मूर्ती ‘सापडली’ नसून ‘परत मिळाली’ आहे, हा त्यांच्या कृतीचा अर्थ आहे.

हा अर्थ केवळ भाविकतेचा नव्हे, हे पुढे शंभर वर्षांनी लंडनमध्येच सिद्ध झाले. तमिळनाडूतील पत्तूर येथे १९७६ मध्ये एका मजुराला भग्न शिवमंदिराजवळ खोदताना धातूचा नटराज सापडला. हातोहात विकला जात तो लंडनला पोहोचला आणि कॅनडातील एका कंपनीने तो १९८२ मध्ये विकत घेतला. दुरुस्तीसाठी ब्रिटिश म्यूझियममध्ये दिला असता पोलिसांनी तो ताब्यात घेतला. खटल्यात मूर्तीवरील मातीच्या आणि वाळवीच्या खुणांचीही साक्ष निघाली. वाळवीने साक्षीदार व्हावे, ही कल्पना कोणा रहस्यकथाकारालाही सुचली नसती. न्यायालयाने १९८८ मध्ये, व अपिलात १९९१ मध्ये, मंदिराचा हक्क मान्य केला. दगडांच्या ढिगाऱ्याहून फारसे काही न उरलेले देऊळही वादी होऊ शकते, असे त्यातून ठरले. देवळातील उपासना खंडित झाली म्हणून ठेवणाऱ्याचा संकल्प खंडित होत नाही, हा निक्षेपाचाच न्याय होय.

येथे मेहकरचा पक्ष सर्वस्वी निर्दोष होता असे मात्र समजू नये. मूर्तीची प्रतिष्ठापना होते तेव्हा ती पूजेत येते. परंतु ज्या थरातून ती निघाली, त्या थराची साक्ष घाईत पुसली जाते. जून २०२४ मध्ये सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवरावांच्या समाधीलगत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. तेथे खोली मोजली गेली, दगडाची जात पाहिली गेली, मग मूर्ती बाहेर आली. एकाच जिल्ह्यातील या दोन घटनांमधील अंतर सुमारे १३५ वर्षांचे आहे. पहिल्या वेळी गावाने मूर्ती राखली, दुसऱ्या वेळी शास्त्राने तिच्याभोवतालची माहितीही राखली.

चिखली-मेहकर परिसरात अजूनही बरेच काही भूमीखाली असेल. पुढची मूर्ती निघेल तेव्हा कलेक्टर, भक्त आणि अभ्यासक असे तिघेही तेथे असतील आणि प्रत्येकाजवळ तिच्यासाठी वेगळा शब्द असेल. तिला निधी म्हटले तर पहिला प्रश्न किमतीचा येतो. निक्षेप म्हटले तर तो कोणी, केव्हा व कोणत्या भयाने ठेवला, हे विचारणे भाग पडते. आणि त्याचे उत्तर मूर्तीइतकेच तिच्या भोवतालच्या मातीत असते.