पोलंडमधील सत्तांतर

घोडनदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड, या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यास सात-बाराच्या उताऱ्यावर आपलें नांव असणें म्हणजे काय, हें समजावून सांगावयास नको. मुंबई राज्यांत 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कायद्याच्या अटींत बसणारीं कुळें त्या दिवसापासून जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. पुढें न्हावऱ्यास घोडगंगा व पाटसला भीमा हे साखर कारखाने उभे राहिले. कारखाना सहकारी, पण ऊस ज्याच्या त्याच्या रानांतला.

याच सुमारास, 1956 सालीं, पोलंडमध्यें सरकारनें बळजबरीनें उभारलेलीं सामुदायिक शेतें बहुतांशीं मोडलीं व शेतकरी आपापल्या तुकड्यावर परतले. कम्युनिस्ट राजवटींतहि तेथील सुमारें तीन-चतुर्थांश शेतजमीन खासगीच राहिली. रशियांत किंवा शेजारच्या चेकोस्लोव्हाकियांत असें घडलें नाहीं.

पोलंड महाराष्ट्राला अगदींच परका नव्हे. स्टालिननें सैबेरियाकडे हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकीं सुमारें पांच हजार माणसें, त्यांत बहुतेक बायका व मुलें, 1943 ते 1948 या काळांत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें राहिलीं. युद्ध संपलें तेव्हां त्यांचीं गांवें सोव्हिएत हद्दींत गेलीं होतीं आणि वॉर्सांत कम्युनिस्टांची सत्ता आली होती. पुष्कळ जण घरीं न परततां इंग्लंडला गेले. लंडनमधील परागंदा पोलिश सरकारहि तेथेंच राहिलें.

तादेउश माझोव्येत्स्की हे पेशानें पत्रकार. 1980 सालीं ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनीं संप केला, तेव्हां त्यांच्या सल्लागार मंडळाचे ते प्रमुख होते. डिसेंबर 1981 मध्यें जनरल यारुझेल्स्की यांनीं लष्करी कायदा पुकारून त्यांना वर्षभर स्थानबद्ध ठेविलें. पुढें 4 जून 1989 च्या निवडणुकींत सॉलिडॅरिटीनें सिनेटच्या 100 पैकीं 99 जागा मिळविल्या. कनिष्ठ सभागृहांत मात्र 35 टक्केच जागा खुल्या होत्या, त्या सर्व तिनेंच जिंकल्या. 24 ऑगस्ट 1989 रोजीं माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले. हातीं आलेलें राज्य अर्धेंच होतें. राष्ट्राध्यक्षपदीं तेच यारुझेल्स्की, गृह आणि संरक्षण हीं खातीं कम्युनिस्टांकडे, आणि देशांत सोव्हिएत फौज. तुरुंगवासाचा सूड उगवावयाचा म्हटला असता तरी तो कोणत्या पोलिसांकरवीं?

त्या दिवशींच्या भाषणांत ते म्हणाले, कीं भूतकाळावर आपण एक जाड रेघ ओढीत आहों व या सरकारनें जें केलें असेल तेवढ्यालाच तें जबाबदार राहील. त्यांतील रेघ तेवढी लोकांच्या लक्षांत राहिली, जबाबदारी राहिली नाहीं. जुन्या अपराध्यांना त्यांनीं माफी दिली, असा प्रवाद उठला. शब्दांपुरता तो अन्यायाचा होय. परंतु गुप्त पोलिसांचीं दप्तरें त्या हिवाळ्यांत जाळलीं जात होतीं आणि सरकारनें तीं वेळींच ताब्यांत घेतलीं नाहींत, हा आक्षेप पुसतां येत नाहीं.

जबाबदारीचा अर्धा भाग त्यांनीं अक्षरशः पाळला. अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची योजना 1 जानेवारी 1990 पासून अंमलांत आली. किंमतींवरील बंधनें उठलीं, रिकामीं दुकानें भरलीं, आणि वर्षअखेर दहा लाखांहून अधिक लोक बेकार झाले. ज्यानें पक्षाच्या दडपणाखालीं आपला तुकडा सोडला नव्हता, तो शेतकरीहि पडलेल्या भावाला कंटाळून त्या उन्हाळ्यांत रस्ते अडवूं लागला. मालकी टिकली म्हणून भाव टिकतो असें नाहीं, हें कांद्याच्या बाजाराकडे डोळे लावून बसणाऱ्या शिरूरकरांस नवें वाटणार नाहीं.

25 नोव्हेंबर 1990 च्या अध्यक्षीय निवडणुकींत माझोव्येत्स्की 18 टक्के मतें मिळवून तिसरे आले; लेक वालेसाच नव्हे, तर परदेशांतून आलेला एक अपरिचित व्यापारीहि त्यांच्या पुढें गेला. त्यांनीं राजीनामा दिला. 22 डिसेंबर रोजीं वालेसा अध्यक्ष झाले, आणि लंडनहून आलेल्या परागंदा सरकारच्या शेवटच्या अध्यक्षांनीं, काचोरोव्स्की यांनीं, महायुद्धापासून जपून ठेविलेलीं राजचिन्हें वॉर्सांत त्यांच्या स्वाधीन केलीं.