सूचिवेध व रक्तजन्य संक्रामण

सूचिवेध व रक्तजन्य संक्रामण : रुग्णाच्या रक्ताने दूषित झालेली सुई, शस्त्रक्रियेचे पाते किंवा फुटलेली काचनळी आरोग्यसेवेतील व्यक्तीस टोचून वा कापून होणाऱ्या इजेस सूचिवेध म्हणतात. जखम बहुधा टाचणीच्या टोकाएवढी असते; परंतु तिच्यातून शिरलेला रोग जन्मभराचा ठरू शकतो. अशा इजेतून प्रामुख्याने यकृतशोथ-बी, यकृतशोथ-सी व एचआयव्ही या तीन व्हायरसांचे संक्रामण होते. व्हायरसयुक्त रक्त लागलेली सुई एकदा टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीस यकृतशोथ-बी होण्याचा संभव सु. ६ ते ३० टक्के, यकृतशोथ-सीचा सु. १.८ टक्के व एचआयव्हीचा सु. ०.३ टक्का मानतात. जखम खोल असल्यास किंवा शिरेतून काढलेली पोकळ सुई टोचल्यास धोका वाढतो.

इतिहास : व्हिएन्ना येथील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोप कोलेट्श्का यांच्या बोटाला १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी लागली व ते जंतुदोषाने मृत्यू पावले. त्यांचे मित्र इग्नाट्स झेमेलव्हाइस यांनी या मृत्यूवरून सूतिकाज्वराचे कारण ओळखले आणि डॉक्टरांना हात धुण्यास लावले. या शोधाचा लाभ प्रसूत स्त्रियांना झाला. विच्छेदन करणाऱ्याचा हात मात्र पुढेही बराच काळ उघडाच राहिला.

पोकळ सुई व पिचकारी यांचा वैद्यकीय उपयोग १८५३ च्या सुमारास अलेक्झांडर वुड व शार्ल प्राव्हाझ यांनी रूढ केला. सुईने औषधाबरोबर रोगही जाऊ शकतो, हे हळूहळू उमगले. १९४९ मध्ये अमेरिकेतील एका रक्तपेढी कर्मचाऱ्यास कामातून यकृतशोथ झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. बरूच ब्लूमबर्ग यांनी १९६५ मध्ये यकृतशोथ-बी व्हायरसाशी निगडित प्रतिजन शोधल्यावर रक्ताची परीक्षा शक्य झाली, आणि सामान्य लोकांपेक्षा रुग्णालयीन कर्मचाऱ्यांत या रोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. त्यावरील लस १९८० नंतरच्या दशकारंभी उपलब्ध झाली [⟶ यकृतशोथ].

खरी जाग एड्सच्या भीतीने आली. इंग्लंडमधील एका परिचारिकेस सूचिवेधातून एचआयव्हीचे संक्रामण झाल्याचे वृत्त १९८४ मध्ये आले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ‘सार्वत्रिक दक्षता’ हे तत्त्व मांडले. रुग्ण कोणीही असो, त्याचे रक्त संक्रामक आहे असे समजूनच काम करावे, हे त्याचे सार होय. यात कर्मचाऱ्याप्रमाणे रुग्णाचेही हित आहे. कारण सर्वांसाठी खबरदारी एकच असली, म्हणजे एखाद्या रुग्णास वेगळे काढण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्र : मोठ्या लोकसमूहास सुई टोचण्याचे काम या प्रदेशात प्लेगच्या साथीत सुरू झाले. व्हाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे या लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. त्यानंतरचा वाद लस शुद्ध होती की नव्हती, बाटली उघडताना चूक कोणाची झाली, याभोवती फिरला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. सुरक्षित अंतःक्षेपण म्हणजे टोचून घेणाऱ्यास सुरक्षित, हाच अर्थ तेव्हापासून रूढ झाला. टोचणाऱ्याचा विचार त्यात नव्हता. काचेच्या पिचकाऱ्या व त्याच त्या सुया धुऊन, घासून, उकळून पुन्हा वापरण्याच्या काळात हे काम परिचारिका व परिचर हाताने करीत आणि बोटाला सुई लागणे ही किरकोळ बाब समजली जाई.

भारतात एचआयव्हीची पहिली निश्चिती १९८६ मध्ये चेन्नई (त्या वेळचे मद्रास) येथे झाली. पुढे मुंबई हे साथीचे एक मोठे केंद्र बनले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील १९९८ ते २००३ या सहा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ३८० सूचिवेधांपैकी सु. ४५ टक्के परिचारिकांना, ३३ टक्के परिचरांना आणि प्रत्येकी ११ टक्के डॉक्टर व तंत्रज्ञ यांना झालेले होते. १२६ इजांत सुई कोणत्या रुग्णाची होती ते कळू शकले नाही. त्या कचऱ्याच्या पिशव्यांतून व शस्त्रक्रियागृहातील उपकरणांतून झाल्या होत्या. इजा झालेल्यांपैकी कोणासही संक्रामण झाले नाही, हे वेळीच नोंद व उपचार यांचे महत्त्व दाखविते. सुई हाती न धरणाऱ्यासही ती टोचते, हा या आकड्यांचा दुसरा बोध आहे.

कायदा व उपाय : जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे पहिले नियम १९९८ मध्ये झाले. २०१६ च्या नियमांनुसार सुया व पाती पांढऱ्या, छिद्र न पडणाऱ्या डब्यात टाकावी लागतात; कचरा हाताळणाऱ्यांसह सर्व कर्मचाऱ्यांना यकृतशोथ-बी व धनुर्वात यांच्या लसी देणे आणि त्यांची वर्षातून एकदा तरी तपासणी करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्याने आरोग्यसंस्थांवर सुरक्षित कार्यस्थळाची जबाबदारी टाकली.

वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये, हा प्रतिबंधाचा पहिला नियम होय. सुई टोचल्यास जखम साबण व पाण्याने धुवावी, ती चोळू किंवा दाबू नये, आणि ताबडतोब नोंद करावी. एचआयव्हीविरोधी औषधे शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. यकृतशोथ-सीवर लस नाही. एकदा वापरल्यावर निकामी होणाऱ्या पिचकारीने दुसऱ्या रुग्णाचे रक्षण होते. पण तिची सुई टोचणाऱ्याच्या बोटात शिरू शकतेच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुई झाकणाऱ्या पिचकाऱ्यांचाही पुरस्कार केला.

हिंगोली जिल्हा : परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हा जिल्हा अस्तित्वात आला, म्हणजे तो जैववैद्यकीय कचऱ्याच्या पहिल्या नियमांहून वर्षभराने लहान आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्‌घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हिंगोलीचाही समावेश आहे. त्यामुळे सुई प्रथमच हाती घेणारे विद्यार्थी येथे दरवर्षी येतील. अशा ग्रामीण जिल्ह्यात धोक्याचे स्वरूप महानगराहून वेगळे असते. उपकेंद्रातील आरोग्यसेविका बहुधा एकटीच प्रसूती, लसीकरण व सुयांची विल्हेवाट पाहते. रात्री सुई टोचली, तर औषध मिळण्याचे ठिकाण तालुक्याला किंवा जिल्ह्याला असते आणि ७२ तासांची मुदत त्याच क्षणी सुरू झालेली असते. कंत्राटी सफाई कामगाराने इजा कोणाला सांगावी, हेच पुष्कळदा ठरलेले नसते. नियमात त्याचा उल्लेख आहे. लसीकरणाच्या यादीत त्याचे नाव आहे की नाही, यावर या नियमांचे मोल ठरते.