कलाभवन : उमेदवारीपूर्व शिक्षणाचा एक जुना प्रयोग

मुलास धंद्यास लावणे म्हणजे त्यास एखाद्या उस्तादाच्या हाती सोपविणे, ही समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मुलाने प्रथम दुकान झाडावे, पाणी भरावे, हत्यारे उचलून द्यावी, आणि मर्जी बसली तर दोनचार वर्षांनी खऱ्या कामास हात लावावा, असा हा क्रम. या पद्धतीने उत्तम कारागीर निर्माण झाले हे नाकारता येत नाही. परंतु किती मुले मधेच कंटाळून पळाली, किती जन्मभर हरकामे राहिली, याची मोजदाद कोणी ठेविली नाही. उमेदवारीपूर्वी मुलाची काही तयारी करून घ्यावी हा विचार आपल्याकडे केव्हा आणि कसा रुजू लागला, याचा इतिहास ज्ञातिबांधवांनी जाणून घेण्याजोगा आहे.

इंग्रजी अमदानीत या विषयावरचा पहिला कायदा १८५० साली झाला. दहा ते अठरा वर्षांच्या मुलास बापाने अथवा पालकाने करार करून धंदा शिकण्यासाठी बांधून द्यावे, मुदत सात वर्षांहून अधिक नसावी व वयाच्या एकविसाव्या वर्षापलीकडे जाऊ नये, असे त्यात होते. अनाथ व गरीब मुलांची सोय लावणे हा त्याचा मुख्य हेतू. मूल कोणाकडे आणि किती काळ बांधावयाचे, याचा कायद्याने बारकाईने विचार केला. ते मूल बांधले जाण्यापूर्वी त्यास काय येत असावे, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनातही आला नसावा.

तो प्रश्न ज्यांनी गांभीर्याने घेतला त्यांत प्रो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे नाव अग्रभागी घालावे लागेल. १८६३ साली सुरतेस सुतार ज्ञातीत त्यांचा जन्म झाला. वडील शिल्पशास्त्राचे जाणकार. त्यामुळे रंधा आणि करवत घरात, व रसायनशास्त्राची एम. ए. ची पदवी पदरात, असा दुर्मिळ योग त्यांच्या ठायी जुळून आला. पुढे ते बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक झाले. त्यांचे आश्रयदाते श्रीमंत सयाजीराव महाराज हेही १८६३ चेच. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे पद्धतशीर शिक्षण १८७५ साली दत्तक गेल्यावरच सुरू झाले. उशिरा शिकावयास लागलेल्या मुलास काय अडते, हे अनुभवाने जाणणारा राजा क्वचितच आढळतो.

१८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापन झाले व गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली स्थापन झाले होते. तेव्हा धंदेशिक्षणाची शाळा ही कल्पना काही नवी नव्हती. कलाभवनाचे वेगळेपण शिकविण्याच्या भाषेत होते. रंगकाम, यंत्रविद्या, रेखाटन हे विषय मुलांच्या मातृभाषेत, म्हणजे गुजरातीत, शिकवावे असा गज्जरांचा आग्रह होता. त्यासाठी पुस्तके हवीत, आणि पुस्तकांसाठी शब्द हवेत! म्हणून महाराजांच्या पाठिंब्याने त्यांनी शास्त्रीय ग्रंथांची माला व परिभाषेचे कोश यांचे काम हाती घेतले. रंगविद्येवर ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिकही काढले. इंग्रजीच्या कुंपणाबाहेर राहिलेला रंगाऱ्याचा किंवा सुताराचा मुलगा आत यावयाचा तर हाच मार्ग होता. आमच्या मते गज्जरांच्या साऱ्या कार्यातील हा भाग सर्वात मोलाचा, आणि नंतरच्यांनी सर्वात लवकर विसरलेला होय.

दुसरी गोष्ट रेखाटनाची. काम हातात येण्यापूर्वी ते कागदावर वाचता आले पाहिजे. परंपरेने शिकलेला कारागीर पाहिलेली वस्तू हुबेहूब घडवील. पण न पाहिलेली वस्तू केवळ नकाशावरून घडविणे हे निराळे शिक्षण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. ते चित्रकला शिकण्यास मुंबईस गेले, रंगांधतेमुळे तो मार्ग खुंटला, तेव्हा त्यांनी यांत्रिक रेखाटन धरले व पुढे व्हिक्टोरिया इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकविले. १९१० साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीच्या नांगरांमागे हे रेखाटन होते.

खुद्द कलाभवनात शिकून गेलेल्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते बडोद्यास आले. त्र्यंबकेश्वरच्या ब्राह्मण घराण्यातील मुलगा, आणि शाळेचा प्रमुख सुतार! कारागिरी रक्ताने येते की शिक्षणाने, या वादाचे एक उत्तर या वर्गात मिळत होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा छायालेखनापासून देखाव्यांपर्यंत फाळक्यांना जे अनेक हुन्नर सांभाळावे लागले, त्यांची पूर्वतयारी अशा शाळांतूनच झालेली होती.

गज्जर स्वतः बडोद्यास फार वर्षे राहिले नाहीत. १८९६ साली ते मुंबईस विल्सन कॉलेजात गेले. त्याच वर्षी चाफेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले होते; ते डाग काढण्याची किमया पुढे गज्जरांनीच केली. डांबर फासणारे व ते काढणारे, दोघांचेही नाव इतिहासात राहावे, हा काळाचा विनोद म्हणावयाचा. १९०७ साली त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्यासह ‘अलेम्बिक’ कारखाना निघाला, तेव्हा शाळेत शिकविलेल्या रसायनशास्त्राची कारखान्याशी गाठ पडली.

गुरू जाताच अशा संस्थेचा प्राण जातो, हे आपल्याकडील नित्याचे. कलाभवन मात्र टिकले, आणि १९४९ साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर त्याचे रूपांतर तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखेत झाले. यात लाभ झाला तशी हानीही झाली. पदवीच्या शाळेत सुताराच्या मुलास पूर्वीइतक्या सहजतेने शिरता येत नाही.

१८५० चा कायदा १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने रद्द झाला. नव्या कायद्याने उमेदवाराचे वय किमान चौदा ठरविले, शिक्षणाची व शारीरिक पात्रतेची अट घातली, आणि ज्याने मान्य संस्थेत धंदेशिक्षण घेतलेले नाही त्यास मूलभूत प्रशिक्षण दिले पाहिजे असे बंधन घातले. मुलास कामावर लावण्याची घाई ज्या घरांत होते, तेथे बहुधा पहिल्या महिन्याच्या पगाराचाच हिशोब असतो, आणि गरीब घरास तो हिशोब चुकला असे म्हणणे सोपे नाही. म्हणूनच आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्तीनिधीतून पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबरच, उमेदवारीपूर्वीचे वर्ष-सहा महिने घरी पगार न आणता शिकणाऱ्या मुलासही काही द्यावे काय, याचा विचार कार्यकारी मंडळाने येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा, अशी विनंती आहे.