‘बायोस’ची योग्य आवृत्ती कशी निवडावी?

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर विंडोज किंवा लिनक्स अवतरेपर्यंतचा कारभार एक छोटी आज्ञावली सांभाळते. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कीबोर्ड यांची तपासणी करून ती पुढील सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती सोपवते. ‘बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम’ म्हणजेच ‘बायोस’ हे तिचे रूढ नाव. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमुळे ते सर्वतोमुखी झाले. आजच्या संगणकांत तिची जागा ‘यूईएफआय’ने घेतली असली, तरी बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे.

ही आज्ञावली मदरबोर्डवरील फ्लॅश चिपमध्ये साठवलेली असते. विंडोजची एकच प्रत अनेक यंत्रांवर चालते, तसे बायोसचे नाही. एएमआय, फिनिक्स यांसारख्या कंपन्या मूळ आराखडा पुरवतात; मात्र प्रत्येक मदरबोर्डच्या जोडणीनुसार त्यात बदल करण्याचे काम बोर्डाचा निर्माता करतो. त्यामुळे मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या बोर्डाची फाइल चालत नाही. एकाच मॉडेलच्या दोन सुधारित आवृत्त्यांनाही वेगवेगळी फाइल लागू शकते. म्हणून बोर्डावर छापलेले मॉडेलचे पूर्ण नाव व आवृत्ती क्रमांक प्रथम टिपून घ्यावा. सध्याच्या बायोसचा क्रमांक विंडोजमधील ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये दिसतो.

नवा प्रोसेसर घेताना हा प्रश्न विशेष निकडीचा होतो. एएमडीच्या ‘एएम४’ सॉकेटचे उदाहरण बोलके आहे. २०१७ मध्ये रायझन प्रोसेसर या सॉकेटवर आले आणि पुढील पिढ्यांनीही तोच सॉकेट वापरला. प्रोसेसर सॉकेटमध्ये नीट बसे. पण बायोस जुने असल्यास संगणक सुरूच होत नसे, आणि संगणक सुरू झाल्याशिवाय बायोस बदलता येत नसे. २०१८ मध्ये अशा ग्राहकांना एएमडीने अद्ययावतीकरणापुरता जुना प्रोसेसर उसना दिला होता. पुढे १६ मेगाबाइटची चिप असलेल्या काही बोर्डांवर सर्व पिढ्यांची माहिती मावेना, तेव्हा नव्या आवृत्तीतून जुन्या प्रोसेसरांना वगळावे लागले. सर्वांत नवी आवृत्ती सर्वांत योग्य असतेच असे नाही, हा त्यातला धडा. निर्मात्याच्या संकेतस्थळावरील यादीत आपल्या प्रोसेसरसमोर कोणती किमान आवृत्ती दिली आहे, ते पाहूनच निर्णय घ्यावा.

फाइल निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. ‘बीटा’ आवृत्ती गरजेशिवाय टाळावी. सोबतची टीप वाचावी. काही बोर्डांवर मधली एखादी आवृत्ती आधी चढवणे आवश्यक असते. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ सुरू असल्यास ते तात्पुरते स्थगित करून त्याची रिकव्हरी की जपून ठेवावी. बायोसमधील आपली सेटिंग्ज लिहून ठेवावीत, कारण नव्या आवृत्तीनंतर ती मूळपदावर जाऊ शकतात.

काम चालू असताना वीज गेल्यास बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो, म्हणून यूपीएसचा आधार घ्यावा. काही बोर्डांवर दुसरी राखीव चिप असते, तर काहींवर प्रोसेसरविना पेनड्राइव्हवरून बायोस चढवण्याची सोय असते. यांपैकी काहीच नसेल, तर चिप वेगळ्या उपकरणाने पुन्हा लिहून घ्यावी लागते.

नव्या प्रोसेसरची गरज, सुरक्षेतील त्रुटी किंवा प्रत्यक्ष जाणवणारा दोष, यांपैकी एखादे कारण असेल तर बायोस अवश्य बदलावे. केवळ नवे आले म्हणून सुरळीत चाललेल्या यंत्राला हात लावू नये.